म्हशीची काळी मेंदी आन माजे हात

म्हशीला लावायची काळी मेंदी बाईमानसानं हाताला लावू नये. एवढंच सांगून मी गप बसले असते, पन तुमी विचारनार, कुनी लावली? मीच लावली. मग विचारनार, का लावली? म्हनून सगळंच सांगावं लागतंय.

आमी येडगावच्या धरनाच्या अंगाला राहातो. घरात सहा जनं. सासू, तिला मी आत्या म्हनते. सासरे, त्यांना मामा. मामा म्हशींचा धंदा करत्यात, बेल्ह्याच्या बाजारातनं आनायच्या, तितंच न्यायच्या. मग माजे मालक, ननंद शीतल, माजी दोन वर्साची स्वरा, आन मी. (मला शेवटी धरलं, कारन जेवायला बी मी शेवटीच बसते.)

मामा माज्याशी सरळ बोलत नायत. राग नाय, रीतच तशी. सुनंशी बोलायचं तर भिंतीकडं बघून बोलत्यात. "च्या मिळंल का कुठं?" असं भिंतीला विचारत्यात, आन भिंतीच्या वतीनं मी करते. लग्नाला चार वर्सं झाली, भिंतीचं आन त्यांचं कधी वाजलं नाय.

तर शीतलचं लग्न जमलं व्हतं. पोरगा आंबेगावकडचा, मंचरच्या अलीकडं त्यांची शेती. मानसं चांगली, शीतल खूश, साखरपुडा पंधरा दिवसांवर. त्या पंधरा दिवसांतच माज्या हाताला डाग दिसायची काय गरज व्हती? पन दिसलेच.

टोमॅटोची तोडनी चालू व्हती. टोमॅटो तोडला की हात हिरवे-काळे व्हत्यात, साबनानं निघत नाय, कच्चा टोमॅटो फोडून चोळावा लागतो. दुपारी बांधावर बसून मी तसे हात चोळत व्हते. सगळं काळं निघालं, आन खाली बघते तर काय! कोपराखाली पांढरे ठिपके. साबुदान्यायेवढे. मी अजून चोळलं. अजून पांढरे झाले!

शेजारी आमची भावकीतली कमळाकाकू बसलेली. तिनं माजा हात उचलला, उनात धरला, नोट खरी हाय का बघत्यात तसा बघितला आन हळूच म्हनली, "अगं, हे कोड तर नाय?"

कोड म्हंजी अंगाला पांढरे पट्टे पडत जात्यात ते, आमच्या गावात एका बाईला हाय, तिच्या पोरींची लग्नं किती वर्सं अडकली ते सगळ्यांना ठावं.

"काकू, मग शीतलचं?"

"तेच म्हनते मी. वहिनीला हाय म्हंजी घरातच हाय म्हनत्यात लोक. मोडतं बाई लग्न. कुनापाशी बोलू नगं."

मी म्हनलं नाय बोलनार. आन बोलायला वेळ बी कुठं व्हता? पाटी भरायची व्हती. ती भरली आन एवढा थकवा आला, की मला भ्यायला बी परत बांधावर टेकावं लागलं.

घरी येऊन मी डाग मोजले. आठ. मालकांना सांगू का नको? ते सांगतील आत्याला, आत्या सांगंल रडून गावाला. नको. मग मी मोबाईलला विचारलं. मी नववीपातुर शिकलेली, लिहायला गेलं की चुकतं, म्हनून बोलून विचारलं, "हातावर पांढरे डाग." मोबाईलनं असले एकेक फोटो दाखवले, की मी तो तांदळाच्या डब्यात टाकून झाकन लावलं. (मालक दुसऱ्या दिवशी दोन तास शोधत व्हते.)

कमळाकाकूनं दोन उपाय सांगितले. पहिला, पांढरं खायचं बंद कर. दुसरा, सकाळच्या कोवळ्या उनात हात धरून बस, रंग परत येतो.

मी पांढरं सोडलं. दूध बंद, दही बंद, भात बंद, मुळा बंद. कांद्यावर मी लई इचार केला, शेवटी लाल कांदा चालंल असं ठरवलं. मिठाचं काय? मीठ पांढरंच की! तीन दिस अळनी खाल्लं. चौथ्या दिशी खडेमिठाकडं निरखून बघितलं आन स्वताला समजावलं, की हे तसं मळकटच हाय.

आता सून भात खाईना, दुदाचं नाव काढलं की तोंड फिरवती, ताटात अळनी घेती, हे आत्याला दिसनारच. त्यांनी दोन दिस बघितलं, तिसऱ्या दिशी माज्याजवळ येऊन पाठीवरनं हात फिरवला.

"कितवा म्हैना?"

"कशाचा?"

"अगं लाजती काय! मला कळतंय. स्वराच्या येळेला बी तुला भात नको झाला व्हता."

नाय म्हनले असते, तर भात का सोडला ते सांगावं लागलं असतं. मी खाली मान घातली. आत्यांनी तिला व्हय समजलं, आन त्या दिवसापासनं मला वाटीभर दूध, वर बोटभर तूप! मी प्यायला नको म्हनलं तर समोर उभं राहून पाजायच्या. म्हंजी पांढरं सोडल्यामुळं मला आयुष्यात पयल्यांदा रोज दूध मिळायला लागलं!

राहिलं ऊन. सकाळच्या कोवळ्या उनात मी शेन काढते, धार काढते, डबं करते, स्वराला धुते. तवा कोवळं ऊन कुठनं आनू? मी दुपारचं घेतलं. जास्त कडक, म्हंजी जास्त गुन, असा माजा हिशोब. वैशाखाचा म्हैना, स्लॅबवर कुरडया वाळत घातलेल्या, त्यांच्या शेजारी मी दोन्ही हात पसरून बसायची. खालनं आत्या वरडायच्या, "अगं, अशा दिवसांत उनात बसू नगं!" मी म्हनायची, "कुरडया राखते!" चार दिसांत कुरडया कडक वाळल्या. हात करपले, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखे झाले. आन काळ्या झालेल्या हातावर डाग असे लख्ख उठले, की मोजले तर चौदा!

तवा मात्र मी घाबरले. आठाचे चौदा म्हंजी हे पसरतंय! स्वराला कडेवर घ्यायचं तर हाताला फडकं गुंडाळायला लागले. मी तिला रोज तेल लावते, ते आत्यांना लावायला सांगितलं. पोरगी माज्याकडं हात करून रडायची, "मम्मी तू! मम्मी तू!" आन मी चुलीकडं तोंड करून बसायची. आत्या म्हनायच्या, "रडू दे, दुसरं आल्यावर सवय लागाय पायजे."

त्यात निरोप आला. शीतलची व्हनारी सासू सोमवारी सकाळी येनार, सोबत कासारीन. साखरपुड्याच्या बांगड्या भरायच्या, शीतलच्या आन घरातल्या सगळ्या बायांच्या.

सगळ्या बायांच्या! बांगड्या भरायच्या म्हंजी बाही वर, हात कासारनीच्या मांडीवर, ती दाबनार, चोळनार, आन व्हनारी सासू समोर बसून बघनार. अंगावरच्या नव्या साड्या बघत्यात तसे हातच बघनार.

शनवारी दुपारी मी गोठ्यात वैरन टाकायला गेले. दावनीला मामांची काळी म्हस. तिच्या खांद्यावर जुनी जखम भरून आलेली, तितं पांढरा पट्टा पडलेला. बाजाराच्या आदी मामा काय करत्यात, मी चार वर्सं बघत आले व्हते. काळी मेंदी कालवायची, जुन्या दात घासायच्या ब्रशनी पट्ट्यावर लावायची, पट्टा गायब! डबा खिडकीत व्हता.

मी म्हशीकडं बघितलं. म्हशीनं माज्याकडं बघितलं. तिचं काय म्हननं आसंल ते आसो, मी डबा घेतला.

स्लॅबवर जाऊन काडीला कापूस गुंडाळला आन एकेक डाग भरला, शाळेत रिकाम्या जागा भरा असायचं तसं. चौदाच्या चौदा बरोबर. (शाळेत कधी आल्या नाय.) अर्ध्या तासानं धुतलं आन बघते तर पांढरं गेलं व्हतं खरं, पन हातावर चौदा काळे ठिपके! आमच्याकडं उसात अंगावर ठिपके असलेलं एकच जनावर फिरतं, आन ते दिसलं की फॉरेस्टवाले पिंजरा लावत्यात.

आता काय करू? मग मला वाटलं, ठिपके दिसत्यात कारन मधली जागा मोकळी हाय. मी मधली जागा भरली. मग एक हात दुसऱ्यापेक्षा काळा वाटायला लागला. दुसरा भरला. असं करता करता डबा संपला, आन कोपरापासून मनगटापातुर दोन्ही हात म्हशीचे झाले. बाकीची मी व्हते तशीच.

मालकांचा जुना शर्ट घातला, बाह्यांची बटनं लावली.

आत्या म्हनल्या, "घरात शर्ट कशापायी?"

"थंडी वाजती."

"वैशाखात?" आन मग त्यांचं त्यांनीच हासून म्हनलं, "वाजती, वाजती. अशा दिवसांत वाजती."

रविवारी खाज सुटली. संध्याकाळपातुर आग. सोमवारी सकाळी उठले तर दोन्ही हात सुजून दुधीभोपळ्यायेवढे, वर पान्याचे फोड. रडायला बी येळ नव्हता, पावनी यायची व्हती. लग्नातला लांब बाह्यांचा ब्लाऊज कसाबसा चढवला, बाही फाटायची तेवढी राह्यली.

इहीनबाई उनाच्या आत आल्या. बाई उंच, बोलायला गोड, आन अंगात मनगटापातुर लांब बाह्यांचा ब्लाऊज! मला वाटलं, तिकडची फॅशन असंल. कासारीन बैठक मारून बसली. शीतलच्या भरल्या, आत्यांच्या भरल्या.

"या वहिनी," कासारीन म्हनली.

"आदी इहीनबाईंच्या," मी म्हनलं. "मान त्यांचा."

"छे छे," इहीनबाई दोन्ही हात पदराखाली घेत म्हनल्या, "लेकुरवाळीच्या आदी."

"तुमी मोठ्या!"

"तुमी घरच्या!"

"मला काय, मी कवाबी भरीन!"

"मी तर म्हनते मंचरातच भरीन!"

"आवं बायांनो!" कासारीन वैतागली. "मी बांगड्या भरती, हात कापून नेत नाय!" आन तिनं जवळचा हात पकडला. तो माजा निघाला. तिनं बाही वर सरकवली आन मी जी किंचाळले, ती गोठ्यातली म्हस दावं ओढून उभी राह्यली!

"अगं आय गं! हे काय भाजलं?" कासारीन हात सोडून मागं सरली. सगळ्या उठल्या. काळे, सुजलेले, फोडांचे हात. कुनी काय बोलायच्या आत बाहेरनं, भिंतीच्या पलीकडनं, मामांचा शांत आवाज आला:

"म्हशीच्या मेंदीचा डबा कुनी बघितला असंल का? बाजाराला उशीर व्हतोय."

आत्यांनी भिंतीकडं बघितलं. मग माज्या हाताकडं. मग परत भिंतीकडं.

मग मला ऱ्हावलं नाय. "मला कोड हाय!" मी वरडलेच. "पन शीतलला नाय, आत्यांना नाय, कुनाला नाय, मी तर बाहेरनं आलेली हाय, माज्यामुळं लग्न मोडू नका, पायजे तर मला माहेरी ठेवा साखरपुडा व्हईस्तोवर, मी पांढरं सोडलंय, उनात बसले, पोरीला इतके दिस हात लावला नाय, मीठ सुदा खाल्लं नाय, नंतर खाल्लं पन खडेमीठ खाल्लं, आन दिवस बी गेल्यालं नायत!"

"दिवस नाय गेल्यालं?" आत्या मटकन खाली बसल्या. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाय. "मग एवढं तूप?"

इहीनबाई पुढं आल्या. मला वाटलं झालं, आता ह्या चपला शोधनार. त्यांनी माज्या हाताकडं बघितलं, करंगळीजवळ मोजनीतनं आन रंगातनं सुटलेला एक पांढरा ठिपका व्हता, तो निरखला. आन हळूच स्वताच्या बाहीचं बटन काढलं.

बाही वर गेली. हातभर पांढरे ठिपके. चौदा कुठले, चाळीसच्या वर! तांदूळ उधळल्यावानी.

"असंच का?" त्यांनी विचारलं.

"असंच!"

"माजे तीन वर्सं हायत. लग्न जमल्यापासनं लांब बाह्या शिवल्या. म्हनलं, सासूला कोड हाय कळलं तर तुमी पोरगी देनार नाय." बाई बोलता बोलता रडायला लागली.

मी रडत व्हते, त्या रडत व्हत्या, आत्या तुपासाठी रडत व्हत्या. शीतल तेवढी कोरडी. ती नव्या बांगड्या वाजवत म्हनली, "मग आता कोन कुनाला नकार देनार, तेवढं ठरवा. मला साडीला फॉल लावायला टाकायचाय."

मामा आत आले नायत. बाहेर टेंपोला म्हनले, "वाटेत आळेफाट्याला कातडीचा डाक्टर बसतो. कुनाला यायचं असंल तर पुढं बसावं."

टेंपोत पुढं आमी तिघी बाया, मी, आत्या, इहीनबाई, आन मामा, दाटीवाटीनं. मागं म्हस एकटी, ऐसपैस, खांद्यावरचा पांढरा पट्टा उनात चमकवत. तिला रंगवायला डब्यात काय उरलंच नव्हतं.

डाक्टर तरुन मानूस व्हता. त्यानं आदी इहीनबाईंचे हात बघितले, मग माजे. माजे लई येळ बघितले. मग करंगळीजवळचा तोच साफ डाग शोधला, त्यावर कसला तरी दिवा धरला.

"उन्हात काम करता?"

"मग काय सावलीत टोमॅटो येत्यात?" इहीनबाई म्हनल्या.

"हे कोड नाही," तो म्हनला. "वर्षानुवर्षं उन्हात उघडे हात राहिले की असे बारीक डाग पडतात. साधारण वय झाल्यावर दिसतात, तुम्हाला लवकर दिसले. लहानपणापासून शेतात आहात ना? एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. घराण्याला बट्टा नाही की काही नाही."

"लेकराला?" मी विचारलं. तेवढंच मला विचारायचं व्हतं.

"लेकराला खुशाल घ्या."

मला तितंच खुर्चीत झोप यायला लागली, एवढं अंग सैल पडलं. "मग जात्यात कशानं?"

"आहेत ते पूर्ण जातीलच असं नाही. मलम देतो, थोडे फिके होतील. पण नवे पडू द्यायचे नसतील तर ऊन टाळा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोक्याला रुमाल, उघड्या जागी उन्हाचं मलम, घाम आला की परत लावायचं. दुपारी बारा ते तीन शक्यतो शेतात नको. आणि पांढरं खाण्याशी याचा काही संबंध नाही." त्यानं पेन उचललं. "तुमचे डाग अचानक वाढले म्हणता, उन्हात जास्त बसलात का?"

"चार दिस. दुपारी. कुरडयांसोबत."

त्यानं पेन खाली ठेवलं. "कातडी काळवंडली, म्हणून डाग जास्त दिसायला लागले. आणि हे भाजलंय कशानं?"

मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी छताकडं बघितलं. शेवटी इहीनबाईच म्हनल्या, "म्हशीच्या मेंदीनं."

डाक्टरनं चष्मा काढून पुसला. बराच येळ पुसला. मग म्हनला, केसांचा असला काळा रंग तुमाला सोसत नाय, जन्मात परत लावायचा नाय, केसाला सुदा नाय. औषदं लिहायच्या आदी विचारलं, "गरोदर आहात का?"

"नाय," मी म्हनलं.

"अजून तरी," आत्या म्हनल्या.

साखरपुडा ठरल्या दिशी झाला. फोटोत मी हाय, दोन्ही हाताला पांढरं बँडेज, त्याच्यावर हिरव्या बांगड्या. पांढरे ठिपके लपवायला निघाले आन कोपरापातुर पांढरी झाले! आता आमच्या रानात सगळ्या बाया नवऱ्याचे शर्ट घालून तोडनी करत्यात. इहीनबाईंचा बी फोन असतो, "मलम लावलं का?" मी म्हनते लावलं. कधी लावलेलं असतं, कधी घाम पुसन्यात इसरते, खोटं कशाला बोलू.

पन त्या सोमवारी परत येतानाचं सांगायचं राह्यलं. आमी दवाखान्याच्या पायरीवर बसलो व्हतो, स्वराला हात कसे लावू या बँडेजनी असा माजा इचार चाललेला, आन मामा रिकामा टेंपो घेऊन आले. म्हस गेली व्हती. मामा स्टेअरिंगला म्हनले, "पट्टा दिसत व्हता, म्हनून गिऱ्हाइकानं काय लपवलंय का हे विचारलं बी नाय. उभ्या उभ्या नेली."

म्हंजी डाग घेऊन गेलेली म्हस अर्ध्या तासात मार्गी लागली, आन डाग लपवून गेलेली मी दवाखान्यात!

मग मामांनी मान वळवली. टेंपोकडं नाय, आत्यांकडं नाय, सरळ माज्याकडं. चार वर्सांत पयल्यांदा. मी पदर सावरला, म्हनलं आता चार मायेचे शब्द बोलनार.

"सूनबाई," मामा म्हनले, "म्हशीला सुदा आमी मेंदी आदी शेपटीखाली लावून दोन दिस सोसती का बघतो."